नळीच्या त्या टोकाला

१

एप्रिल सरत आला की आमच्या भागातले लोक जुन्या बंदुका घेऊन माझ्या दारात येतात. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बदकांचा हंगाम उघडतो. त्या सकाळी माटौरा नदीच्या दोन्ही काठांवरची गावं ओस पडलेली असतात आणि तळी माणसांनी भरलेली. त्यांतल्या निम्म्यांच्या हातात कुणाच्या तरी काकाची, नाहीतर मेलेल्या शेजाऱ्याची, नाहीतर लिलावात उचललेली बंदूक असते. अशी बंदूक आधी डॉक्टरला दाखवायची, असा इथं प्रघात पडून गेला आहे. डॉक्टर म्हणजे मी. मी माणसं तपासत नाही. दुनेदिनच्या विद्यापीठात धातुशास्त्र शिकवत होतो. धातू कसे थकतात आणि कुठे तडकतात, एवढाच माझा विषय. पण लोक येतात ते माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे, माझ्या भित्रेपणासाठी. गोर गावच्या पबमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "डॉक्टरने हो म्हटलं की डोळे मिटून वापरावी. तो माणूस चहालासुद्धा आधी नाही म्हणतो."

काम मी लाँड्रीत करतो. तिथे उत्तरेची खिडकी आहे आणि पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला ऊन उत्तरेकडूनच येतं. आधी बंदूक उघडायची, दोन्ही कोठ्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहायचं, मग बोटानेही चाचपायचं, कारण डोळ्यांवर विसंबू नये. मग नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या. बोटावर टांगून काठीने हलकेच टिचकी मारायची. धड नळी घंटेसारखी वाजते. सांधा सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखी. आताशा तळ्यावर शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी लागतात, ते या नळ्यांना सोसतील का तेही पाहायचं. आणि शेवटी खिडकीकडे धरून आरपार बघायचं. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं दिसतात, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारखी. कुठे पोचा असेल तर तिथे वर्तुळ चेपतं. आत काही अडकलं असेल तर वर्तुळं दिसतच नाहीत.

अडकायला काहीही पुरतं. चिखलाचा गोळा. तेलाची चिंधी. उन्हाळ्यात कुंभारीण माशीने घातलेलं मातीचं घर. सगळ्यात वाईट म्हणजे वीस बोअरचं पिवळं काडतूस, बारा बोअरच्याहून बारीक. ते बारा बोअरच्या नळीत चुकून गेलं की आत घसरतं आणि कोठीच्या जरा पुढे अडकून बसतं. मागून लाल, बारा बोअरचं भरलं, चाप ओढला, की नळी हातात फुटते. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला जाकिटाचे खिसे फळीवर उलटे करायला लावतो. लोक हसतात. हसू देत.

आणखी एक रिवाज आहे, तो माझ्या सासऱ्यांचा. तळ्यावर आपल्या बंदुकीत आपण बघायचं नाही. उघडी बंदूक सोबत्याच्या हातात द्यायची, त्याने बघायचं. "आपल्याला जे हवं असतं तेच आपल्याला दिसतं," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या डोळ्याला त्यातलं काही नको असतं."

२

हे सगळं मी माझ्या बायकोकडून, ऊनाकडून शिकलो. शिकारी ती होती. मी नुसता तिच्या शेजारी बसून थर्मास सांभाळायचो. लाँड्रीत मात्र आम्ही दोघं मिळून काम करायचो. मी नळीच्या मागच्या टोकाला डोळा लावायचो आणि ती पुढच्या तोंडासमोर पांढरी बशी धरायची, म्हणजे ढगाळ दिवशीही आत उजेड सारखा पडतो. माझा हात तेव्हाही थरथरायचा, तिचा कधी हलला नाही. आणि अधूनमधून, मी वर्तुळांत गढलेला असताना, सगळं एकदम काळं व्हायचं. बशी बाजूला करून तिने स्वतःचा डोळा लावलेला असायचा.

"दिसते का मी?"

"ऊना, बंदुकीच्या तोंडाला डोळा लावू नये."

"बंदूक कुठाय? नुसता पाइप आहे. दस्ता तुझ्या मांडीवर, काडतुसं कपाटात, किल्ली तुझ्या खिशात. दिसते का ते सांग."

"अंधार दिसतो."

"एवढा शिकलास आणि अंधार दिसतो."

एकदा मी तिला कागदावर आकृती काढून दाखवली. नळीचं तोंड डोळ्याने बंद केलं की त्या डोळ्यावर उजेड पडत नाही. आणि ज्यावर उजेड नाही, ते दिसत नाही. तिने आकृती नीट पाहिली. मग म्हणाली, "तरी मला तू दिसतोस, फर्गी."

तिला जाऊन तीन हिवाळे झाले. तिची दुनळी मी इन्व्हरकार्गिलच्या एका व्यापाऱ्याला विकली. कपाट उघडलं की दस्त्यावर तिच्या गालाने गुळगुळीत केलेली जागा समोर यायची आणि मग त्या दिवशी दुसरं काही होत नसे.

३

"डॉक्टर, आहात का? की दारालाच नमस्कार करून जाऊ?"

नायरी टॅपर. माझ्या कुरणांपलीकडे तिच्या गाई असतात. पन्नाशी उलटलेली बाई, मोठ्या आवाजाची. या भागात येऊन तिला फार दिवस झालेले नाहीत. नवरा ऑस्ट्रेलियात खाणीवर असतो. "म्हणजे असून नसल्यासारखा, पण पैसे पाठवणारा," असं ती स्वतःच सांगते. यंदा माझ्या तळ्यावर बसायची परवानगी तिने मागितली आणि मी दिली, कारण ऊना गेल्यापासून तिथली माइमाइ, तळ्याकाठची ती लव्हाळ्याची झोपडी, रिकामीच होती.

तिने फळीवर घोंगडीचं गाठोडं ठेवलं. "लिलावात घेतली. इतकी वर्षं भावाच्या वीस बोअरने मारत आले, आणि तो दर बदकामागे मला ऐकवतो की बंदूक त्याची म्हणून. यंदा माझी. बघा, आणि वाईट असेल तर हळू सांगा."

घोंगडी उलगडली. दस्त्याच्या मानेपाशी एक पितळी खिळा होता. तो मी बसवला होता, जरा तिरका, आणि ऊना त्यावरून मला वर्षभर चिडवत होती. दस्त्यावरची गुळगुळीत जागा तशीच होती.

"काय झालं? खराब आहे का?"

"नाही. अजून पाहिली कुठे?"

"तुमचा चेहरा पाहून विचारलं."

मी तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ती, चांगली बाई, बंदूक मला ठेवून घ्या म्हणाली असती, आणि मला माझा भरवसा वाटेना की मी नाही म्हणेन. म्हणून म्हणालो, "ठेवून जा. सावकाश बघतो."

ती गेल्यावर लक्षात आलं की मी तिला खिसे उलटे करायला लावले नाहीत.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. कोठ्या रिकाम्या. बोटाने चाचपलं, रिकाम्या. नळ्या सोडवल्या, टांगल्या, टिचकी मारली. घंटा वाजली, गोड आणि लांब. जरा जास्तच लांब. आवाज विरला असं वाटलं तेव्हा मला जाणवलं की तो विरलेला नाही, फक्त खाली उतरला आहे, कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. मी नळ्या मुठीत दाबल्या. मग शांत झालं. माझ्या कानात असले आवाज असतातच. त्यासाठी गोळ्याही आहेत.

उजवी नळी खिडकीकडे धरली. वर्तुळं, एकात एक, निर्दोष.

डावी धरली. काळोख.

कुंभारीण माशी, मी म्हटलं, आणि मला बरं वाटलं, कारण माशीला घाबरायचं कारण नसतं. लाकडी गज घेतला, टोकाला लोकर गुंडाळली आणि घातला. गज कुठेही न अडता त्या तोंडातून बाहेर आला. लोकर स्वच्छ. पुन्हा पाहिलं: वर्तुळं. हसलो. मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचं आहे, आणि घाईत मी वाईट डोळा लावला असणार. मुद्दाम चांगला डोळा लावून तिसऱ्यांदा पाहिलं.

काळोख. आणि तो हलला.

काय दिसलं ते मी जेवढं दिसलं तेवढंच लिहितो. टोकाला एक गोल. तपकिरी, पितळेकडे झुकणारा. ओलसर चमक. मध्ये काळा ठिपका. वरून काहीतरी पटकन खाली आलं आणि वर गेलं.

मी नळ्या फळीवर ठेवल्या, इतक्या हळू की आवाज झाला नाही. मागच्या दाराने बाहेर जाऊन खिडकीच्या पुढ्यात आलो. गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं. त्यावर एकही पाऊल नव्हतं. माझीच उमटत होती.

५

सुशिक्षित माणसाने अशा वेळी काय करावं? डोळ्यांच्या डॉक्टरला फोन करावा. मी केला. तिने नम्रपणे ऐकलं आणि म्हणाली, मोतीबिंदूत माणसाला पुष्कळ काही दिसतं, एकट्याने राहणाऱ्यांना जास्त. ते मला पटलं. आणि तरी दुसऱ्या सकाळी, चहाआधी, मी लाँड्रीत होतो.

काळोख. मी वाट पाहिली. मग, आपण ऐकू जाऊ नये असं बोलतो तसं, म्हणालो, "ऊना, बाजूला हो."

उजेड आला.

मी रडलो का ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी लगेच पुन्हा डोळा लावला आणि उजेडच होता, आणि मला इतका राग आला की मी ते बोललोच का.

त्यानंतर रोज. कधी असायची, कधी नसायची. नसली की दिवस नुसता निघून जायचा. असली की मी बोलायचो: कुठल्या गाई आटल्या, तळ्याचं पाणी किती उतरलंय, माझा तो तिरका खिळा अजून तिरकाच आहे. उत्तर कधी आलं नाही. जेव्हा मला काम करायचं असे तेव्हा मी बाजूला हो म्हणायचो आणि ती व्हायची. जिवंतपणी एवढी ऐकत नव्हती.

मी माझ्या जुन्या आकृतीचा विचार करत नव्हतो असं नाही. ज्यावर उजेड नाही ते दिसत नाही. मला तो रंग दिसायला नको होता. पण माणूस आपल्याच आकृतीला किती मान देणार, जेव्हा तिच्याविरुद्ध असं काही उभं असतं?

नळीत काही दोष नव्हता. भिंतीची जाडी, सांधे, चाप, खटका, सगळं मापून झालं होतं. नायरीला फोन करून 'घेऊन जा' म्हणायचं तेवढं उरलं होतं.

६

हंगामाच्या आदल्या दुपारी ती स्वतःच आली. हातात गरम चीझ रोलची थाळी, वर फडकं.

"लाच आणली आहे. आता तरी सांगा, जगते की मरते?"

"थोडं पाहायचं राहिलंय."

"दोन आठवडे झाले, डॉक्टर. माझं गर्भाशय काढायलाही इतका वेळ लागला नव्हता." तिने न विचारताच नळ्या उचलल्या आणि खिडकीकडे धरल्या. तिने आधी उजवी पाहिली, मग डावी. बराच वेळ.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काय दिसायचं? आरशासारखी स्वच्छ आहे." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला काय दिसतं?"

ती स्टुलावर बसली. आवाज खाली आणून बोलली. एवढ्या खालच्या आवाजात ती बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

"हे बघा, मला यातलं कळत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी हिला हात लावणार नाही. इथेच ठेवा, नाहीतर कापून टाका. मी उद्या पुन्हा भावाची घेऊन बसेन, ऐकेन त्याचे टोमणे. पण हो म्हणालात तर मी गालाला लावून चाप ओढणार, कसलाही विचार न करता. म्हणून विचार करून सांगा."

एक शब्द. नको, एवढा एक शब्द म्हटला असता तर बंदूक या फळीवर राहिली असती, आणि रोज सकाळी ऊना. मी तोंड उघडलं. पण खोटा दोष सांगायचा म्हणजे नळीतली जागा दाखवावी लागली असती, आणि त्या नळीत मला एकच गोष्ट माहीत होती.

"चांगली आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यात चांगली."

"मग सुतकी चेहरा का?"

"उद्या मीही येतो तळ्यावर. दुसरा डोळा लागेल ना तुम्हाला."

हे मी तिच्यासाठी म्हणालो असं त्या वेळी मला वाटलं.

७

माइमाइत ऊनाने ठोकलेला खिळा होता, थर्मास अडकवायचा. मी थर्मास तिथेच अडकवला. फळीवर बेकन-अंड्याची पाई, खाली पांढरी इनॅमलची बशी. नायरीच्या अंगात भावाचं जुनं जाकीट होतं, गुडघ्यापर्यंत येणारं. बाहेर उजाडत होतं. मी पहिल्यांदा आरपार पाहिलं तेव्हा दोन्ही नळ्या स्वच्छ होत्या. मी ठीक आहे म्हणालो आणि माझा आवाज मलाच पडलेला वाटला.

बंदूक तिच्या गालाला बसली. ऊना उजव्या खांद्यावर जशी जरा मान कलवायची तशीच मान या बाईनेही कलवली. त्या दस्त्यावर दुसरं काही करताच येत नाही. पहिल्या थव्यातलं एक बदक पडलं, दुसऱ्यातली दोन.

"फोन करा माझ्या भावाला," ती म्हणाली. "नको, मीच करते. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

मग ऊन वर आलं, तळं शांत झालं, आम्ही पाई खाल्ली. तिची बोटं गारठली होती. तेवढ्यात नदीकडून अचानक एक थवा आला. तिने घाईने खिशात हात घातला, भरली, बंद केली, उठली. उजवी वाजली. डावीचा नुसता टक असा आवाज झाला.

तिने खाली बसून बंदूक उघडली. उजव्या कोठीतलं रिकामं टरफल टाकलं. डावी कोठी रिकामी होती. "भरायलाच विसरले वाटतं. बोटं माझी राहिलीच नाहीत." आणि उघडी बंदूक माझ्याकडे दिली. "तरी बघा. तुमच्या सासऱ्यांच्या नावाने."

मी आभाळाकडे धरून बघितलं. उजवी, वर्तुळं.

डावीत ती होती. आणि जवळ होती.

इतके दिवस ती त्या टोकाला असायची, अंधुक, तीळभर. आता नळीतून चालत चालत माझ्यापाशी आली होती. पितळी तपकिरी गोल, पूर्ण, झळझळीत, मध्ये ठिपका. माझ्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर. पापणी लवत नव्हती. तीसुद्धा माझ्याकडे तशीच बघत होती, असं मला वाटलं. इतक्या जवळून आम्ही एकमेकांकडे कधी बघितलं होतं?

"ऊना, बाजूला हो," मी पुटपुटलो.

ती झाली नाही. का व्हावं? झोपडी तिची, खिळा तिचा, तळंही तिच्या बापाचं.

"डॉक्टर? ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणालो, आणि बंदूक परत दिली.

८

तिने दोन्ही कोठ्यांत लाल काडतुसं घातली आणि बंदूक बंद केली. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. लोक ज्याला सुख म्हणतात ते बहुधा मला त्या क्षणी होत होतं. दाराकडून ऊन माझ्या पाठीवर येत होतं. खांद्यावरून ते पुढे पडत होतं, फळीवर, थर्मासवर, नायरीच्या बाहीवर.

ऊन पाठीमागून येत होतं.

ज्यावर उजेड नाही ते दिसत नाही. आणि जे मला एवढं झळझळीत दिसलं, त्यावर उजेड होता. तो माझ्या बाजूने पडलेला होता. डोळा असा चमकत नाही. पितळ चमकतं. काडतुसाचं गोल पितळी बूड, आणि त्याच्या मध्यावर जिथे आघात होतो तो ठिपका.

लव्हाळ्यातून पंखांचा आवाज आला. नायरी उभी राहिली, दस्ता गालाला गेला.

मी काय केलं ते नीट सांगता येत नाही. मी तिच्या कोपराखाली दोन्ही हात घातले आणि नळ्या वर आभाळात ढकलल्या. "चापावरचं बोट काढ. नायरी, बोट काढ आणि उघड ती."

तिने बोट काढलं. बदकं डोक्यावरून गेली. तिने माझा चेहरा पाहिला आणि बंदूक उघडली, दोन्ही लाल काडतुसं काढली. मी पिशवीतला लाकडी गज काढून डाव्या नळीच्या तोंडातून हळूहळू आत सारला. मध्येच तो टेकला. जरासा दाब दिला. कोठीतून काहीतरी निसटून फळीवर पडलं आणि घरंगळत तिच्या बुटाला लागलं.

पिवळं होतं.

तिने जाकिटाचे खिसे फळीवर उलटे केले, मी सांगितल्याशिवाय. लाल काडतुसांत आणखी काही पिवळी निघाली, भावाची, गेल्या वर्षाची. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग डाव्या हाताचा पंजा उघडून बघितला, जणू तो आहे का याची खात्री करत होती.

"तुम्ही पाहिलंत ना आत?"

"पाहिलं."

"दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग ठीक का म्हणालात?"

"मला वाटलं, दुसरं काही आहे."

"दुसरं काय असणार, डॉक्टर? बंदुकीत?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने थर्मास काढला, कपात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला, कारण माझे हात तिच्याहून जास्त थरथरत होते.

९

"आता पुन्हा बघा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "म्हणजे आवरून घरी जाऊ."

"नाही. माझा डोळा आता चालणार नाही. या हंगामात नाही, पुढच्याही नाही. तुम्ही बघा. मी समोर बशी धरतो."

"बशी?"

"उजेडासाठी. आम्ही घरी तसं करायचो."

तिने नळ्या सोडवून घेतल्या. दस्ता फळीवर, काडतुसं पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला. मी पाईची बशी पुसली आणि माइमाइच्या बाहेर, पाण्यावरच्या फळीवर जाऊन उभा राहिलो. लव्हाळ्यातल्या फटीतून नळ्यांची दोन तोंडं बाहेर आली. त्यांच्या मागे नायरी होती, पण ती मला दिसत नव्हती, आणि मी तिला. मी बाजूला, लांब उभा राहून, हात पुरा पसरून बशी समोर धरली. बशी जड होती. हात थरथरत होता आणि बशीवरचं ऊन पाण्यावर नाचत होतं.

"उजवी स्वच्छ," आतून आवाज आला. मग, "डॉक्टर, डोकं काढा मधून."

"मी मधे नाही."

"आत्ता थट्टा नको. झालं ते पुरे झालं. डोळा लावून उभे आहात तुम्ही."

"नायरी, मी लांब आहे. आवाज कुठून येतोय बघा."

मी नळीच्या तोंडाकडे पाहिलं. नळी आणि बशी यांच्यामध्ये वीतभर रिकामी हवा होती. त्यात माझ्या श्वासाची वाफ जात होती आणि विरत होती. पलीकडे तळं, तळ्यात आभाळ. आयुष्यभर मी नळीच्या मागच्या टोकाला बसलो होतो. आज प्रथमच ऊनाच्या टोकाला आलो होतो, तिच्या अगदी खांद्यापाशी, असलीच तर. आणि तिथे काहीही नव्हतं.

"नाही दिसत," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी एवढ्या हळू आवाजात तिला हे कधी सांगितलं नव्हतं. "नाही दिसत गं तू मला. हो बाजूला."

लव्हाळं हललं नाही. पाणी हललं नाही.

"आला उजेड," आतून नायरी म्हणाली. "वर्तुळं दिसतात. एकात एक." तिचा आवाज बारीक झाला होता. तिने नळीवरून डोळा काढला नव्हता. तोंडं अजून बशीकडे रोखलेली होती.

"डॉक्टर."

"हं."

"बशी तुम्हीच धरली आहे ना? जरासुद्धा हलत नाहीये."

मी हाताकडे पाहिलं. बशी माझ्याच बोटांत होती, पाण्यावरचं ऊन स्थिर होतं, आणि तिचं वजन मला लागत नव्हतं.